पुडी कोणाच्या खिशात, पैसा कोणाच्या घरात?

सिन्नरहून नाशिकला जाणाऱ्या प्रत्येकाला शिंदे गावाचा टोलनाका ठाऊक आहे. याच शिंदे गावाच्या औद्योगिक परिसरात ऑक्टोबर २०२३ मध्ये एमडी, म्हणजे मेफेड्रोन तयार करणारा कारखाना सापडला. तो नाशिकच्या पोलिसांना सापडला नाही. मुंबईच्या साकीनाका पोलिसांनी किरकोळ विक्रेत्यांपासून धागा पकडत पकडत येथपर्यंत येऊन तो शोधला. या साऱ्या कारवाईत पकडलेल्या मालाची किंमत पोलिसांनी सुमारे तीनशे कोटी रुपये सांगितली. तीनशे कोटी! आमच्या तालुक्यातील किती ग्रामपंचायतींचे किती वर्षांचे अंदाजपत्रक त्यात भागेल, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

या प्रकरणातील आरोपी ललित पाटील हा त्या वेळी न्यायबंदी होता. २०२० च्या चाकणच्या एमडी प्रकरणात तो येरवडा कारागृहात गेला आणि तेथून 'उपचारासाठी' पुण्याच्या ससून रुग्णालयात महिनोन्महिने राहिला. ३० सप्टेंबर २०२३ रोजी त्याच रुग्णालयाच्या दाराशी सुमारे दोन कोटींचे एमडी पकडले गेले. २ ऑक्टोबरला, म्हणजे गांधी जयंतीच्या दिवशी, तो पोलीस पहाऱ्यातून पळाला आणि पंधरवड्याने दक्षिणेत सापडला. आरोप सिद्ध होतो की नाही हे न्यायालय ठरवील. आमचा प्रश्न वेगळा आहे. कैद्याला सरकारी रुग्णालयात महिनोन्महिने खाट मिळते, आणि व्यसनाने पोखरलेल्या आमच्या वस्तीतील पोराला त्याच सरकारच्या दवाखान्यात आठ दिवसांची खाट का मिळू नये?

पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये दौंड तालुक्यातील कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतील कारखान्यावर पुणे पोलिसांनी छापा घातला. तेथील आणि दिल्लीपर्यंतच्या साठ्यांचा आकडा साडेतीन हजार कोटींच्या पुढे गेला. शिंदे असो वा कुरकुंभ, चित्र एकच. वसाहतीतील गाळा, रसायनाची माहिती असलेली माणसे, कागदोपत्री भलताच धंदा. अफूसारखे शेत लागत नाही, चरससारखा डोंगर लागत नाही. एमडी हे कारखान्यात तयार होणारे विष आहे. ज्याच्याकडे भांडवल आहे, गाळा आहे आणि ओळखी आहेत, तोच ते करू शकतो. वस्तीतला पोरगा ते करू शकत नाही. तो फक्त वाहू शकतो, नाहीतर ओढू शकतो.

हे आम्ही पुस्तकात वाचून सांगत नाही. गेली अनेक वर्षे आम्ही सिन्नर परिसरात वकिली करतो, चळवळीचे कामही करतो. त्यामुळे या काळ्या जगाची खालची पायरी आम्हाला रोज दिसते. मालेगावकडे जिला 'कुत्ता गोळी' म्हणतात ती झोपेची, भीती घालवण्याची गोळी आमच्याकडेही पोचली आहे. खोकल्याचे औषध बाटलीने पिणारी पोरे आहेत, पंक्चरचे सोल्युशन फडक्यावर घेऊन हुंगणारी लहान लेकरे आहेत. त्यांच्यावर आता एमडीची पांढरी पुडी येऊन बसली. माळेगाव आणि मुसळगावच्या वसाहतींत कंत्राटी कामावर असलेल्या पोरांनी आम्हाला सांगितले, की पहिली पुडी मजेसाठी घेतली नव्हती. ओव्हरटाइमसाठी घेतली होती. दिवसपाळी संपवून रात्रपाळी करायची तर डोळा लागता कामा नये. मग कोणीतरी म्हणतो, 'हे ओढ, झोपच येणार नाही.' झोप येत नाही, भूक लागत नाही, आणि दोन महिन्यांत कामही राहत नाही. कंत्राटदार दुसरा पोरगा आणतो. उरते ती फक्त पुडी आणि पुडीची उधारी. त्या उधारीपोटीच तो वाहक होतो.

आमच्याकडे आलेल्या एका खटल्याची हकिकत सांगतो. नाव, गाव सांगत नाही. वीस वर्षांचा पोरगा. आई बिड्या वळणारी. सिन्नरची बिडी एके काळी नावाजलेली होती, आणि आमच्या पिढीतील कितीतरी जणांची शिक्षणे आईच्या मांडीवरच्या सुपावर, हजारामागे मिळणाऱ्या मजुरीवर झाली आहेत. त्या बाईने तंबाखूची धूळ आयुष्यभर छातीत घेतली ती पोरगा शिकावा म्हणून. पोरगा बारावीनंतर कंपनीत लागला, वरील वाटेने पुडीला लागला, आणि पाचशे रुपयांची उधारी फिटावी म्हणून कोणाचे तरी पाकीट दुचाकीच्या डिकीतून पोचवायला निघाला. पाकिटात साठ ग्रॅम भरले.

साठ ग्रॅम म्हणजे किती? चहाच्या कपातही मावेल एवढे. पण कायद्यात एमडीची 'व्यावसायिक मात्रा' पन्नास ग्रॅमची आहे. गांजाची वीस किलोची आहे. म्हणजे वीस किलोहून जास्त गांजाचे पोते वाहणारा आणि साठ ग्रॅमचे पाकीट वाहणारा पोरगा कायद्याच्या लेखी एकाच रांगेत. शिक्षा किमान दहा वर्षे, कमाल वीस वर्षे, दंड किमान एक लाख रुपये. आणि १९८५ च्या एनडीपीएस कायद्याचे कलम ३७ असे आहे, की व्यावसायिक मात्रा असेल तर आरोपी दोषी नाही असे मानण्यास वाजवी कारण आहे आणि सुटल्यावर तो गुन्हा करणार नाही, अशी न्यायालयाची खात्री झाल्याशिवाय जामीन नाही. खटला सुरू होण्याआधीच निर्दोष असल्याची खात्री पटवा! तो पोरगा दोन वर्षांहून अधिक काळ आत राहिला. ज्याने पाकीट दिले त्याचे नाव दोषारोपपत्रात 'अज्ञात इसम' एवढेच. अखेर खटला रखडल्याच्या मुद्द्यावर जामीन झाला. सर्वोच्च न्यायालयाने २८ मार्च २०२३ रोजी मोहम्मद मुस्लिम खटल्यात स्पष्ट केले आहे, की खटला अवाजवी लांबला तर कलम ३७ आड येत असले तरी जामीन देता येतो. हा निकाल आमच्या कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवावा. तुरुंगात खितपत पडलेल्या कित्येक पोरांच्या उपयोगाचा आहे.

आता दुसऱ्या टोकाकडे पाहू. जून २०२१ मध्ये आमच्याच जिल्ह्यात इगतपुरीच्या बंगल्यांवर नाशिक ग्रामीण पोलिसांनी रात्री छापा घालून पार्टी करणाऱ्या बावीस जणांना ताब्यात घेतले. त्यात सिनेमाच्या दुनियेशी संबंधित मंडळीही होती. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला मुंबईच्या क्रूझ प्रकरणात आर्यन खान या तरुणाला अटक झाली. त्याच्याकडे काहीही सापडले नव्हते. देशातले नामांकित वकील उभे राहिले, २८ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने जामीन दिला, आणि मे २०२२ मध्ये पुराव्याअभावी त्याचे नाव दोषारोपपत्रातून वगळले गेले. त्याला न्याय मिळाला याचा आम्हाला आनंदच आहे. कोणाही निरपराध पोराला न्याय मिळालाच पाहिजे. पण ज्या न्यायाला तेथे पंचवीस-सव्वीस दिवस लागले, तो आमच्या वस्तीत यायला दोन-दोन, तीन-तीन वर्षे का लागतात? कायदा एकच आहे. वकिलाची फी मात्र एक नाही.

या पार्ट्यांच्या दुनियेत एक वेगळाच पदार्थ चालतो, एलएसडी. पोरे त्याला 'पेपर' म्हणतात, कोणी 'स्टॅम्प' म्हणतात. स्वित्झर्लंडमधील रसायनशास्त्रज्ञ आल्बर्ट हॉफमन यांनी १९३८ मध्ये हे रसायन तयार केले, आणि १९४३ मध्ये त्याचा मनावरील परिणाम स्वतःवरच अनुभवला. साठच्या दशकात अमेरिकेतील तरुणांत त्याची लाट आली. हिप्पी मंडळी ती घेऊन गोव्याच्या हणजूण किनाऱ्यावर उतरली. त्या लाटेचा पुढारी टिमथी लिअरी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये तिबेटी बौद्ध ग्रंथाचा आधार घेऊन या नशेची मार्गदर्शिकाच लिहिली. तेव्हापासून 'रसायनाने निर्वाण' हा खुळा विचार जगभर फिरतो आहे, आणि आता तो आमच्या शिकलेल्या पोरांपर्यंत आला आहे.

पुण्यात अभियांत्रिकी शिकणारा, आमच्या जवळच्या घरातला एक मुलगा आम्हाला म्हणाला, "वकीलकाका, एमडी वेगळी आणि हे वेगळं. याची सवय लागत नाही. सात-आठ तास 'मी' म्हणून काही उरतच नाही. तथागतांनी अनात्म सांगितलं ते हेच की!"

आम्ही विचारले, "बाळा, कागद उतरल्यावर तुझा 'मी' परत येतो की नाही?"

"येतो."

"मग गेला कुठे होता?"

तो हसला. पण पुढच्याच खेपेला त्याला असा भयंकर अनुभव आला, की दोन रात्री तो खोलीच्या कोपऱ्यात थरथरत बसला. घरच्यांना वाटले बाहेरचे काही लागले. त्यांनी भगताकडे न्यायची तयारी केली! आम्ही आडवे पडलो आणि त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे नेले. महिनाभराने सावरला, पण सत्र गेले. घरातली पहिली पदवी वर्षभर लांबली.

या मुलाच्या म्हणण्यात एक गोष्ट खरी होती, ती मान्य करू. एमडी किंवा गर्द यांसारखी शरीराची सक्त गुलामी एलएसडीने सहसा येत नाही. या जातीच्या द्रव्यांवर आज जगात गंभीर संशोधनही चालू आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये कठीण नैराश्यावरील संशोधनासाठी सायलोसायबिनला विशेष दर्जा दिला. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२३ पासून परवानाधारक मानसोपचारतज्ज्ञांना काही ठराविक आजारांत ते आणि एमडीएमए वापरण्याची मुभा दिली. याच अमेरिकेने ऑगस्ट २०२४ मध्ये एमडीएमएच्या उपचाराला पुराव्याअभावी मंजुरी नाकारली. विज्ञान असे चालते. तपासते, मोजते, नाकारते. रुग्ण निवडून, डॉक्टर शेजारी बसवून, मोजून दिलेली मात्रा कुठे आणि हॉस्टेलच्या गच्चीवर अनोळखी माणसाकडून घेतलेला कागदाचा तुकडा कुठे? त्या तुकड्यावर एलएसडी आहे की दुसरेच काही, हे देणाऱ्यालाही ठाऊक नसते.

शिवाय कायदा पाहा. एलएसडीची व्यावसायिक मात्रा आहे एका ग्रॅमचा दहावा भाग. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२० मध्ये हिरा सिंग खटल्यात ठरवले, की भेसळीचे वजनही मात्रेत धरायचे. पाठोपाठ ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निर्णय दिला, की एलएसडी मुरवलेल्या कागदाचे वजनही धरायचे. म्हणजे मित्रांनी वर्गणी काढून आणलेले थोडेसे तुकडेही कागदासकट व्यावसायिक मात्रेत जाऊ शकतात, आणि जो मुलगा सर्वांसाठी ते घेऊन येतो तो कायद्याच्या भाषेत व्यापारी ठरतो. 'मी विकत नाही, फक्त मित्रांना आणून देतो' या वाक्याला न्यायालयात किंमत नाही. शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या प्रत्येक मुलामुलीने हे नीट समजून घ्यावे.

राहिला प्रश्न निर्वाणाचा. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात धम्म माणसामाणसांतील संबंधांत पाहिला. एकटा माणूस असेल तर धम्माची गरज नाही, दोन माणसे आली की धम्म हवाच, हा त्यांचा विचार. मग डोळे मिटून सात तास रंग पाहिल्याने शेजारच्या दुःखात काय फरक पडला? ज्या इगतपुरीत बंगल्यावर छापा पडला, त्याच इगतपुरीत १९७६ पासून धम्मगिरी हे विपश्यनेचे केंद्र आहे. तेथे शिबिराला जाणाऱ्याला आधी शीलाचे पालन करावे लागते, नशा बाहेर ठेवून यावे लागते. मन जागे करायचे की झिंगवायचे, हा फरक आहे. पाचव्या शिलातील मुख्य शब्द 'प्रमाद' आहे. ज्या पदार्थाने माणूस बेसावध होतो त्यापासून दूर राहण्याचा तो संकल्प आहे. तो पदार्थ हातभट्टीचा आहे, कारखान्याचा आहे की स्वित्झर्लंडचा, याने काही बदलत नाही.

परंतु येथेच आम्हाला आपल्या समाजालाही काही सांगायचे आहे. शील हा ज्याने त्याने स्वतः घेतलेला संकल्प आहे. दुसऱ्याला मारायची काठी नव्हे. विहारात पंचशील म्हणणारे आपण, ज्याच्या घरात व्यसनी पोरगा आहे त्या बापाकडे कसे पाहतो? तो बाप विहारात यायचे बंद करतो. पोराचे लग्न करून देतो, 'बायको आली की सुधारेल' म्हणून, आणि आणखी एका लेकीचे आयुष्य मातीत घालतो. लाजेमुळे आजार लपतो, आणि लपलेला आजार पोलीस ठाण्यातच उघडा पडतो. दुसरीकडे पाहा. तथागतांनी उपासकाला जे पाच धंदे वर्ज्य सांगितले, त्यांत शस्त्रे, माणसे, मांस आणि विष यांच्यासोबत मादक पदार्थांचा व्यापार आहे. मग ज्याच्या गाडीत या धंद्याचा पैसा आहे, त्याच्याकडून जयंतीची वर्गणी घेऊन त्याला व्यासपीठावर हार घालणारे आपण कोण? रोग्याला बाहेर आणि व्यापाऱ्याला व्यासपीठावर, हा कुठला धम्म?

नुसत्या बंदीने प्रश्न सुटत नाही, हे आमच्या नेत्याला फार आधी कळले होते. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या १९५१ च्या जाहीरनाम्यात दारूबंदी रद्द करण्याची मागणी होती. बंदीने सरकारचा महसूल बुडतो आणि दारू घरोघर गाळली जाऊ लागते, असा त्यामागचा विचार होता. बाबासाहेब स्वतः दारूला न शिवणारे, तरी त्यांनी भाबडी भूमिका घेतली नाही. एमडी खुली करा असे आम्ही म्हणत नाही. ते विष आहे आणि त्याचे कारखाने बंदच झाले पाहिजेत. पण फेब्रुवारी २०१५ मध्ये मेफेड्रोन कायद्याच्या यादीत आले, आणि त्यानंतर आठ वर्षांनी शिंद्यात कारखाना सापडला. यादीत नाव घातल्याने धंदा थांबला नाही. केंद्र सरकारने एम्सकडून करवून घेतलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे सोळा कोटी लोक दारू पितात, आणि दारूच्या आहारी गेलेल्यांपैकी अडतीसात एकालाच कसलाही उपचार मिळतो. रोग्यांच्या देशात दवाखाने नाहीत, कोठड्या आहेत!

तरीही याच कायद्यात आपल्या हिताच्या काही वाटा आहेत. कोणी सांगत नाही म्हणून आम्ही सांगतो.

पहिली वाट, एनडीपीएस कायद्याचे कलम ६४-अ. सेवनाच्या किंवा अल्प मात्रेच्या गुन्ह्यात सापडलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी वा सरकारमान्य केंद्रात उपचार घेत असेल, तर त्याच्यावरील खटल्यापासून त्याला संरक्षण मिळू शकते. उपचार अर्धवट सोडला तर ते संरक्षण काढून घेता येते. दुसरी, कलम ३९. दोषी ठरल्यावरही न्यायालय अशा माणसाला त्याच्या संमतीने, बंधपत्रावर उपचारासाठी सोडू शकते. वर्षानुवर्षे कोर्टात उभे राहून आम्ही पाहतो, या कलमांखाली अर्जच होत नाहीत. पोरगा गुन्हा कबूल करून दंड भरतो, आणि कपाळावर शिक्का घेऊन घरी येतो.

तिसरी, कलम ५०. अंगझडती घेताना, राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोर झडती द्यायचा तुला हक्क आहे, हे सांगणे पोलिसांवर बंधनकारक आहे. घटनापीठाने १९९९ मध्ये आणि पुन्हा २०१० मध्ये ते ठामपणे सांगितले. मात्र हा हक्क अंगझडतीपुरता आहे, पिशवी वा गाडीला तो लागू नाही. चौथी, बाल न्याय अधिनियम २०१५. अठरा वर्षांखालील मुलाला नशेचा पदार्थ देणाऱ्याला किंवा त्याच्या हातून तो विकवणाऱ्याला, पोचवणाऱ्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मुलगा पकडला गेला तर त्याला कोणी पाठवले, याची फिर्याद लिहून घ्यायला लावा.

पाचवी वाट मोफत वकिलाची. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ नुसार अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीला आणि कोठडीतील कोणालाही मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांनाही तो लागू आहे. घर गहाण टाकण्याआधी तालुका विधी सेवा समितीकडे जा. सहावी, मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७. व्यसनाशी संबंधित मानसिक विकार या कायद्यात आजार म्हणून धरले आहेत, आणि रुग्णाला साखळीने बांधण्यास त्यात सक्त मनाई आहे. एका खासगी केंद्रात पोराला खिडकीच्या गजाला बांधून पट्ट्याने मारल्याचे वळ आम्ही स्वतः पाहिले आहेत. पैसे घेऊन मारणाऱ्याला उपचार करणारा म्हणत नाहीत. केंद्राची नोंदणी पाहिल्याशिवाय लेकरू कोणाच्या हाती देऊ नका.

उपचार होतो. हे ठासून सांगणे गरजेचे आहे, कारण आमच्या वस्तीत 'आता हा गेला' असे फार लवकर म्हणतात. गर्दने मुंबई-पुण्याची पोरे मरत होती तेव्हा डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण उभे केले, आणि तेथून हजारो माणसे घरी परतली. एकदा घसरला तरी पुन्हा दाखल करावे लागते. मधुमेहाची साखर वाढली म्हणून आपण माणसाला घराबाहेर काढतो का? १४४४६ या मोफत क्रमांकावर व्यसनमुक्तीची सरकारी मदत मिळते. तो क्रमांक प्रत्येक विहाराच्या फलकावर लिहिला गेला पाहिजे.

म्हणून आमची मागणी आणि आमचे आवाहन सरळ आहे. शासनाने प्रत्येक तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात व्यसनमुक्तीच्या खाटा आणि मानसोपचारतज्ज्ञ द्यावा. औद्योगिक वसाहतीत कोणत्या गाळ्यात काय शिजते, याची तपासणी मुंबईच्या पोलिसांची वाट न पाहता व्हावी. कंत्राटी पोरांच्या दुहेरी पाळ्या कामगार खात्याने बंद कराव्यात, कारण पुडीचा पहिला ग्राहक तेथे तयार होतो. आणि चळवळीने महिन्यातली एक संध्याकाळ विहारात अशा घरांसाठी राखून ठेवावी, जेथे आई मान खाली न घालता म्हणू शकेल, 'माझा पोरगा पितो, मदत करा.' त्या संध्याकाळी एक डॉक्टर, एक वकील आणि दोन बरी झालेली माणसे हजर असली तरी पुष्कळ झाले. सिन्नरपुरते वकिलाचे काम आम्ही करू. डॉक्टर आणि कार्यकर्ते पुढे यावेत.

मोर्चे २०२३ मध्ये नाशिकला खूप निघाले. घोषणा झाल्या, पुढारी बोलले, छायाचित्रे छापली गेली. मोर्चा पांगल्यावर पोरगा ज्या घरी परततो, ते घर आपले आहे. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा हे सांगणाऱ्या बापाची आपण लेकरे आहोत. शिकणारे, संघटित होणारे डोके जागे असावे लागते. ते जागे ठेवण्याची लढाई आता शिंद्याच्या नाक्यापासून आपल्या उंबऱ्यापर्यंत आली आहे. ती लढू या.

जय भीम!